येते म्हणावं आणि निघावं



आम्ही बचत गटांच्या समन्वयक. एरवी तुमच्यापुढं येतो ते वह्या घेऊन. बचत किती जमली, हप्ता कुणाचा राहिला, बँकेत कोण जाणार, हेच आमचं बोलणं. आज वह्या पिशवीतच ठेवल्यात. आज बोलायचंय ते समारंभातून उठून घरी कसं जावं याबद्दल. हळदी-कुंकू असो, बारसं असो, लग्न असो, नाहीतर आपल्या गटाची बैठक असो.

हसू आलं ना? तुम्ही म्हणाल, ह्यात काय शिकवायचंय? उठायचं, चप्पल घालायची आणि चालायला लागायचं. आम्हालाही तसंच वाटायचं. पण मागच्या संक्रांतीला एका गावात जे झालं, त्यानं आमचे डोळे उघडले. ज्या वहिनींची ही गोष्ट आहे, त्यांना विचारूनच सांगतोय. नाव मात्र सांगणार नाही.

त्या वहिनी गटाचा हिशोब लिहितात. अक्षर मोत्यासारखं. दहा रुपयाची चूक झाली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. बोलायला मात्र कमी. गटानं देवळाच्या सभामंडपात हळदी-कुंकू ठेवलं होतं. चारला सुरू होऊन सहाला संपायचं ठरलं होतं. पण माईक आला, खेळ आले, पैठणी आली आणि उखाण्यांना जोर चढला. सात वाजले तरी कार्यक्रम चालूच. माईकवाला एकेकीला हाताला धरून पुढं न्यायला लागला. तो आपल्याकडं येतोय हे बघून वहिनी मागच्या दारानं निघून गेल्या. कुंकू नाही, वाण नाही, कुणाला सांगणं नाही. त्यांच्या वाट्याचा स्टीलचा डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पाणी भरताना चर्चा सुरू. "रुसली वाटतं." "शिष्टच आहे ती." "हिशोब लिहिती म्हणून लई भाव खाती." हे त्यांच्या कानावर गेलं. मग त्या पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. बचतीचे पैसे लेकीच्या हातानं पाठवले. त्याच्या पुढच्या बैठकीलाही तेच. नेमकं त्या दिवशी गटानं अंतर्गत कर्ज वाटलं. वहिनींना मुलाच्या आयटीआयच्या फीला पैसे हवे होते, पण ते कुणाला माहीतच नव्हतं. पैसे वाटून झाले. वहिनींनी शेवटी बाहेरून व्याजानं काढले.

आम्ही घरी गेलो तेव्हा त्या जे बोलल्या ते आम्ही विसरलो नाही. म्हणाल्या, "ताई, मला माणसं आवडत नाहीत असं नाही हो. पण तास-दीड तास झाला की डोकं गच्च होतं. तेव्हा उठावंसं वाटतं, आणि उठायचं कसं ते कळत नाही. मग म्हटलं, जायलाच नको."

मैत्रिणींनो, जिला निघता येत नाही, ती यायचंच बंद करते. एवढ्यासाठीच आजचं हे बोलणं.

आपल्याकडं अशा स्वभावाच्या बाईला नावं काय ठेवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घुमी, तुसडी, शिष्ट, माणूसघाणी. पुस्तकात ह्याला साधा शब्द आहे, अंतर्मुख. स्वित्झर्लंडमधल्या कार्ल युंग नावाच्या मनोवैज्ञानिकानं १९२१ साली माणसाच्या स्वभावाच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल सांगितले. हा काही आजार नाही आणि दोषही नाही. सगळी माणसं ह्या दोन्हीच्या मध्ये कुठंतरी असतात, कुणी इकडं झुकलेली, कुणी तिकडं. लाजणं वेगळं आणि हे वेगळं. लाजणारीला बोलायची भीती वाटते. अंतर्मुख बाई वेळ आली की बँकेच्या साहेबासमोरही नीट बोलते, फक्त गर्दीत तिची ताकद लवकर संपते.

आपल्या माणदेशात, आटपाडीत, जतमध्ये उन्हाळ्यातली विहीर कशी असते? मोटार लावली की दोन तासात पाणी तळाला जातं. मग आपण काय करतो? मोटार बंद करतो. रात्रभर झरे पाझरतात आणि सकाळी पुन्हा पाणी येतं. विहीर आटली म्हणून आपण तिला शिव्या देत नाही. तळ दिसत असताना मोटार चालूच ठेवली तर मोटार जळते, हेही आपल्याला कळतं. काही बायकांचं असंच आहे. काहींची विहीर बारमाही. त्या चार लग्नं करून आल्या तरी ताज्यातवान्या. काहींना दोन तासांनी थांबावं लागतं. पाणी दोघींचंही गोडच.

आता तुम्हाला वाटेल, लवकर निघणं आपल्या रीतीत बसत नाही. आम्ही म्हणतो, उलट आहे. आपल्या रीतीतच निघायचं दार आधीपासून आहे. आपण ते विसरलोय.

आठवा बरं. कुणाच्याही घरी सहज गेलो, चहा झाला, आपण उठलो, की घरची बाई काय म्हणते? "थांबा, कुंकू लावते." कुंकू लावलं की निरोप झाला. पुढं कुणी काही विचारत नाही. लांबून आलेली असली तर ओटी भरतात. खण-नारळ पदरात पडला की बाई निघायला मोकळी. पूर्वी मोठ्या बैठकीत, दरबारात अत्तर-गुलाब आणि पानसुपारी आली की मंडळी ओळखायची, आता उठायचं. कीर्तनात आरती झाली, प्रसाद हातावर पडला की निघालं. आपल्याकडं हादग्याला गाणी झाली, खिरापत ओळखली, खाल्ली, की पोरी आपापल्या घरी. बारशाला नाव ठेवलं, घुगऱ्या हातात आल्या, की निघायला हरकत नाही.

आणि संक्रांतीचं हळदी-कुंकू? ते तर मुळात येण्या-जाण्याचंच होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या आज्ज्या संध्याकाळी निघायच्या आणि एका आळीत पाच-सहा घरं करून यायच्या. एका घरी दहा मिनिटं. हळदी-कुंकू, अत्तर, तिळगूळ, वाण, ओटीत बोरं-हरभरे, की पुढच्या घरी. अबोल बाईलाही ते सोसायचं. आता आपण मंडप घातला, माईक आणला, आणि वाण शेवटाला ठेवलं, बायका उठून जाऊ नयेत म्हणून. म्हणजे दार होतं, त्याला आपणच कडी घातली.

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा, की प्रत्येक कार्यक्रमाला निरोपाची एक जागा असते. लग्नात अक्षता पडल्या, जेवण झालं, नवरा-नवरीला भेटलं, आहेर दिला. बारशात घुगऱ्या. कीर्तनात प्रसाद. त्या जागेच्या आधी उठलं तर खटकतं. त्यानंतर उठलं तर कुणाला काही वाटत नाही. आपल्याला किती सोसतं याचा अंदाज घ्या आणि त्या जागेपर्यंत थांबायचं ठरवूनच घरातून निघा. कुठं थांबायचं हे माहीत असलं, की बसणंही सोपं जातं.

दुसरी गोष्ट, लवकर जा. हे उलटं वाटेल. पण ज्यांना गर्दी सोसत नाही, त्या उशिरा जातात आणि ऐन गर्दीत सापडतात. चारचा कार्यक्रम असेल तर पावणेचारला जा. दोघी-तिघीच असतात. यजमानीणबाईशी निवांत बोलणं होतं. रांगोळी काढू लागा, तिळगुळाच्या पुड्या बांधा. हाताला काम असलं की तोंडाला काम कमी पडलं तरी चालतं. आणि लवकर आलेली बाई लवकर निघाली, तर तिला कोण नावं ठेवेल?

तिसरी गोष्ट, आल्या आल्याच सांगून टाका. "काकू, मी साडेपाचपर्यंत आहे बरं का." मग साडेपाचला उठलं की कुणी दचकत नाही. शेवटी सांगितलं की आग्रह सुरू होतो. आधी सांगितलं की नुसता होकार मिळतो.

चौथी गोष्ट, खोटं सांगू नका. एका गावातली गंमत सांगतो. एका ताईनं डोहाळजेवणातून निघताना सांगितलं, सासूबाईंना बरं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा जणी केळी आणि बिस्किटं घेऊन सासूबाईंना बघायला हजर! आणि सासूबाई अंगणात शेण्या थापत बसलेल्या. ताईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. गाव आपलं लहान आहे. खोटं संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. खरं कारण असेल तर ते जरूर सांगा. म्हशीची धार काढायची आहे, मुक्कामी एसटी चुकेल, पोरगं शाळेतून येईल. पण कारण नसेल तर ते शोधत बसू नका. "छान झालं काकू. आता येते मी." एवढं पुरेसं आहे. कारण विचारलंच तर म्हणा, "आता घरी जरा टेकते." हे खरंच आहे आणि ह्यात अपमान कुणाचाच नाही.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्यांनी बोलावलं त्यांना भेटल्याशिवाय निघू नका. सगळ्यांना सांगत फिरायची गरज नाही. तसं केलं तर एकेक जण थांबवते. फक्त एकीला, जिनं बोलावलं तिला. तिचा हात हातात घ्या, कार्यक्रमातलं आवडलेलं काहीतरी सांगा, कुंकू लावून घ्या आणि "येते" म्हणा. आपल्या भाषेत निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. त्या एका शब्दात सगळं आलं. मी तुटून जात नाही, पुन्हा येणार आहे. आमच्या वहिनी लवकर गेल्या म्हणून कुणी दुखावलं नव्हतं. त्या न सांगता गेल्या, म्हणून बायकांनी मनानं कारण जोडलं. एक "येते" म्हटलं असतं तर रुसली कुणी म्हटलं नसतं.

आणि येते म्हटल्यावर खरंच निघा! आपली सवय काय? येते म्हणायचं आणि उंबऱ्यात उभं राहून अर्धा तास बोलायचं. घरातली बाई ताटकळते, आपल्या पायाला रग लागते. उंबऱ्यात नवा विषय काढायचा नाही.

उखाण्याचं काय, असं एका ताईंनी विचारलं होतं. दोन ओळींचा एक साधा उखाणा पाठ करून ठेवा. माईक आला की म्हणून टाका. नकोच असेल तर हसून हात जोडा आणि माईक शेजारणीकडं द्या. शेजारीण बहुतेक वाटच बघत असते.

आता काही ठिकाणी निघून येता येत नाही. दिराचं लग्न आहे, घरची यात्रा आहे, पाहुण्यांनी घर भरलंय, चुलीवर मोठं पातेलं आहे. तिथं मोठी सून म्हणून तीन-तीन दिवस उभं राहावं लागतं. तिथं मधेमधे मोटार बंद करायची. पाणी आणायला आपण जावं. रडणारं पोर घेऊन बाहेर चक्कर मारावी. शेळीला पाला टाकून यावं. दहा मिनिटं माडीवर जाऊन बसावं. आणि घरातल्या एका माणसाला, नवऱ्याला, नणंदेला किंवा जावेला, आधी सांगून ठेवावं की मी जरा बाजूला गेले तर मला हाका मारू नका. एक माणूस समजून घेणारं असलं की तीन दिवस निघतात.

दुःखाच्या घरची रीत मात्र वेगळी आहे. तिथं "येते" म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं गप्प बसणारीचीच किंमत जास्त. जवळ बसावं, पाठीवर हात ठेवावा, थोड्या वेळानं न बोलता उठावं. अबोल बाईला हे चांगलं जमतं.

आता थोडं ज्यांच्या घरी कार्यक्रम असतो त्यांच्याशी बोलतो. आग्रह हे आपलं प्रेम आहे. "बस की गं जरा, कुठं एवढी घाई!" असं म्हटल्याशिवाय आपल्याला बरंच वाटत नाही. एकदा म्हणा. दुसऱ्यांदाही म्हणा हवं तर. पण तिसऱ्यांदा पदर धरू नका. आलेली बाई किती वेळ बसली हे मोजू नका, ती आली हे मोजा. माईकवाल्याला आधीच सांगा की जी पुढं येईल तिलाच उखाणा विचारायचा, हाताला धरून कुणाला ओढायचं नाही. आणि वाण शेवटाला अडकवून ठेवू नका. दाराशी एक बाई बसवा, जी निघेल तिला कुंकू, वाण, तिळगूळ देईल. मग बघा, मागच्या दारानं कुणी जाणार नाही.

अजून एक गोष्ट, जरा जड आहे, पण बोलायला हवी. कधीकधी एखादी लवकर निघते ती स्वभावामुळं नाही. कुंकवाचं ताट फिरायला लागलं की जिचा नवरा वारलाय ती हळूच उठते. ताट आपल्याला चुकवून पुढं जाईल आणि ते सगळ्यांना दिसेल, त्यापेक्षा आधीच गेलेलं बरं, असं तिला वाटतं. आपण म्हणतो, तिला माणसांत बसायला आवडत नाही. नाही मैत्रिणींनो, तिला आवडतं. आपण तिला बसू देत नाही. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, पण ताट आपल्या हातात असतं. तेव्हा कुणी लवकर निघाली की नाव ठेवायच्या आधी विचारा, दमलीस का, की काही लागलं मनाला? दमली असेल तर जाऊ द्या. लागलं असेल तर ताट घेऊन आधी तिच्याकडं जा, तिला विचारा आणि तिची इच्छा असेल तर पहिलं कुंकू तिला लावा.

आता शेवटी आपल्या गटाच्या बैठकीबद्दल. इथं मात्र आम्ही थोडं कडक बोलणार. हळदी-कुंकवातून लवकर निघालात तर एक डबा राहील. बैठकीतून लवकर निघालात तर तुमचं मत राहील. कर्ज कुणाला, किती, कधी फेडायचं, हे शेवटाला ठरतं. इतिवृत्त वाचून सह्या होतात तीच बैठकीतली निरोपाची जागा. त्याआधी उठायचं नाही. तुमच्या मागं जे ठरेल ते तुमच्याही डोक्यावर असतं.

पण बसवायचं तर बैठकही बसण्यासारखी हवी. दहा-वीस जणींची बैठक तासाभरात आटपली पाहिजे. त्या गावातल्या गटानं आता तीन गोष्टी ठरवल्यात. एक, बैठक किती वाजता संपणार ते सुरुवातीलाच सांगायचं. दोन, बचत आणि कर्जाचा विषय आधी घ्यायचा, गप्पा आणि चहा सह्या झाल्यावर. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबावं, ज्यांना निघायचं त्यांनी "येते" म्हणून निघावं. तीन, कर्जाचा विषय आला की गोल फिरून प्रत्येकीला विचारायचं, तुला गरज आहे का, तुझं काय म्हणणं. मोठ्या आवाजाची बाई आधी बोलते, आणि अबोल बाईला कुणी विचारलं नाही तर ती बोलतच नाही. विचारलं की सांगते, आणि बहुतेक वेळा नेमकं सांगते.

त्या वहिनी परत आल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी मागच्या दोन बैठकांचा हिशोब तपासला आणि एका ताईच्या हप्त्याची नोंद राहिलेली दाखवून दिली. ती नोंद सापडली नसती तर त्या ताईला हप्ता दोनदा भरावा लागला असता. सह्या झाल्या, चहा ठेवला, आणि वहिनी उठल्या. म्हणाल्या, "येते गं." ज्या बाईनं त्यांना शिष्ट म्हटलं होतं, तिनंच कुंकवाची कोयरी पुढं केली. कुणी थांबवलं नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या कार्यक्रमाला जाताना एवढं करा. ज्या अबोल आहात त्यांनी जायचं टाळू नका. जा, बसा, भेटा, कुंकू लावून घ्या आणि निघा. ज्या बोलक्या आहात त्यांनी आपल्या शेजारी कोण गप्प बसलंय ते बघा, आणि ती उठली की तिला वाट द्या.

आमचंही निघायचं झालं. उंबऱ्यात उभं राहून बोलायचं नाही असं आम्हीच सांगितलंय.

येतो आम्ही.